टेक्स्ट एडिटर पहिल्यांदा उघडल्यावर कोणता फॉन्ट दिसावा? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळटीप

आम्ही चौघं मिळून एक छोटा मुक्तस्रोत टेक्स्ट एडिटर लिहितोय. कोड, कॉन्फिगरेशनच्या फाइली, रोजच्या नोंदी, असा साधा मजकूर लिहिण्यासाठी. पहिली आवृत्ती बाहेर काढायची वेळ आली आणि घोडं अडलं ते डिफॉल्ट फॉन्टवर. तिघांचं म्हणणं, सिस्टिमचा मोनोस्पेस, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा, फॉन्ट घ्या आणि मोकळे व्हा. ज्याला पटणार नाही तो सेटिंगमध्ये जाऊन बदलेल. मला हे मान्य नाही. माझ्या मते एडिटरने आपला फॉन्ट सोबत आणावा, तो मोनोस्पेसच असावा, लिगेचर (दोन-तीन चिन्हं जोडून एकच आकार दाखवणारे) बंद असावेत आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे तोच दिसावा.

ज्यांना फॉन्टची नावं तोंडपाठ आहेत ते पहिल्या पाच मिनिटांत आपल्या आवडीचा लावून घेतात. त्यांची काळजी करायचं कारण नाही. डिफॉल्ट ठरवायचा असतो तो सेटिंगचं पान कधीच न उघडणाऱ्यासाठी: नुकताच प्रोग्रॅमिंग शिकायला लागलेला, किंवा दुसऱ्याच्या मशीनवर बसून घाईघाईत एक फाइल दुरुस्त करणारा. आपण जे देऊ तेच तो वर्षानुवर्षं बघणार.

मी स्वतः यात पोळलोय. एका सहकाऱ्याने त्याच्या स्क्रीनचा फोटो पाठवला होता, त्यावरून सर्व्हरची चावी हाताने उतरवून घ्यायची होती. चोवीस अक्षरं. चार वेळा टाकली, चारही वेळा नाकारली गेली. त्याच्या एडिटरचा डिफॉल्ट फॉन्ट असा की छोटा एल आणि मोठा आय दोन्ही म्हणजे एकच उभी काडी. शेवटी त्याला फॉन्ट बदलून पुन्हा फोटो काढायला सांगितला, तेव्हा सातव्या जागेवरच्या काडीला खाली उजवीकडे वळलेली शेपटी दिसली. मी चारही वेळा आय टाकत होतो, आणि तो होता एल.

आता 'सिस्टिमचा मोनोस्पेस' म्हणजे काय ते बघा. नोटपॅडमध्ये विंडोज ७ पर्यंत ल्युसिडा कन्सोल होता, विंडोज ८ पासून कन्सोलास आला. मॅकवर आधी मोनॅको, २००९च्या स्नो लेपर्डपासून मेन्लो. लिनक्सवर ज्या डिस्ट्रोने (लिनक्सच्या वितरणाने) जो बसवला तो: कुठे डेजाव्यू, कुठे नोटो, आणि ग्नोम या डेस्कटॉपने ४८व्या आवृत्तीत, २०२५ साली, स्वतःचा अद्वैता मोनो आणला. या सगळ्यांची रुंदीही सारखी नाही. १४ पिक्सेलला शंभर अक्षरांची ओळ कन्सोलासमध्ये ७७० पिक्सेलची होते, मेन्लोमध्ये ८४३ची, आयोसेवका लावला तर ७००ची. म्हणजे एकच एडिटर, एकच फाइल, आणि खिडकीत ओळ मावते की नाही हे मशीनवर अवलंबून. तक्रार आली की आधी विचारायचं, "तुमच्याकडे कोणता फॉन्ट दिसतोय?"

कन्सोलास सोबत देता येणार नाही, परवाना आड येतो. जेटब्रेन्स मोनो, सोर्स कोड प्रो आणि आयबीएम प्लेक्स मोनो हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ते देता येतात. माझा कल जेटब्रेन्स मोनोकडे आहे, कारण त्यातली छोटी अक्षरं उंच आहेत आणि १३ पिक्सेललाही वाचता येतात. तुम्ही काय म्हणाल?

समास

तुमच्या गोष्टीतून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. एल आणि आय सारखे दिसले हा त्या फॉन्टमधल्या अक्षरांच्या घडणीचा दोष. त्याचा रुंदीशी काय संबंध? व्हर्डाना घ्या. मॅथ्यू कार्टर यांनी १९९६मध्ये स्क्रीनसाठीच घडवलेला, पूर्ण प्रपोर्शनल, म्हणजे अक्षरागणिक रुंदी बदलणारा, फॉन्ट. त्यात मोठ्या आयला वरखाली आडव्या रेघा आहेत, एलला नाहीत, एकला नाक आहे. तिन्ही वेगळे ओळखू येतात.

समान रुंदी आली ती टाइपरायटरमुळे. कोणतीही कळ दाबा, कागद तेवढाच सरकायचा, म्हणून आय ताणून रुंद करायचा आणि एम दाबून बसवायचा. हॉवर्ड केटलर यांनी १९५०च्या दशकात आयबीएमच्या टाइपरायटरसाठी कुरियर घडवला तो याच बंधनात. ८० रकाने आले आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डातून, तिथून टर्मिनलमध्ये उतरले. आज आपल्या स्क्रीनला यातलं कुठलंच बंधन नाही, तरी आपण त्याच चौकटीत अक्षरं कोंबतोय.

मी सहा वर्षं सगळा कोड प्रपोर्शनल फॉन्टमध्ये लिहितोय. इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) टॅबने होतं, ते कुठल्याही फॉन्टमध्ये सरळच राहतं. ओळी आखूड होतात, शब्द शब्दासारखे दिसतात आणि दिवसाच्या शेवटी डोळे कमी थकतात. हे माझं एकट्याचं खूळ नाही. रॉब पाइक यांच्या अ‍ॅक्मी एडिटरमध्ये डिफॉल्ट फॉन्टच प्रपोर्शनल आहे. बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी सी प्लस प्लसवरच्या आपल्या पुस्तकात कोड प्रपोर्शनल अक्षरांत छापलाय. डेव्हिड जोनाथन रॉस यांनी २०१४ साली इनपुट नावाचा खास कोडसाठीचा फॉन्ट आणला, तो प्रपोर्शनल रूपातही मिळतो आणि त्यात विरामचिन्हं, कंस मुद्दाम मोठे आणि मोकळे ठेवलेत. असा एखादा फॉन्ट डिफॉल्ट देण्याची हिंमत नव्या एडिटरने करायची नाही तर कोणी करायची?

टर्मिनलवाला

समास, तुमचा कोड तुम्हीच लिहिता आणि तुम्हीच वाचता तोवर ठीक आहे. एडिटरमध्ये माणूस दुसऱ्यांच्या फाइली उघडतो, आणि त्या लिहिणाऱ्याने समान रुंदी गृहीत धरलेली असते.

एक उदाहरण देतो. कंपायलर चूक दाखवताना तुमची ओळ छापतो आणि तिच्या खालच्या ओळीत बरोबर चुकीच्या जागेखाली एक छोटा बाण काढतो. तो बाण तिथे पोचतो कसा? समोर तेवढ्या स्पेस मोजून. हा मजकूर तुम्ही प्रपोर्शनल फॉन्टमध्ये चिकटवलात की स्पेस बारीक, अक्षरं रुंद, आणि बाण चार शब्द अलीकडे दाखवतो. चूक स्वल्पविरामात आणि बाण फंक्शनच्या नावाखाली. नवशिक्या माणूस त्या नावाकडेच बघत बसणार.

गो भाषेतला कोड आपोआप नीट मांडणारं गोफमट घ्या. इंडेंटेशनला टॅब, पण ओळी एकाखाली एक लावायला स्पेस. त्याच्या दस्तऐवजातच लिहिलंय की जुळवाजुळव करताना एडिटरमध्ये समान रुंदीचा फॉन्ट आहे असं धरलंय. गोचा जवळपास सगळा कोड गोफमटमधून जातो. मार्कडाउनमधले तक्ते, डेटाबेसचं उत्तर, उभे-आडवे दांडे काढून केलेल्या आकृत्या, रकाना निवडून एकदम दहा ओळींत करायचा बदल, हे सगळं मोडतं. प्रपोर्शनल पर्याय म्हणून जरूर द्या. डिफॉल्ट म्हणून दिलात तर पहिल्याच दिवशी लोक म्हणतील, तुमचा एडिटर माझी फाइल बिघडवतो.

समास

बाणाचा मुद्दा मान्य. खरंच मान्य, मी स्वतः तो मजकूर टर्मिनलमध्येच वाचतो. पण स्पेस मोजून रकाने लावणं हीच मुळात चूक आहे असं मला वाटतं. निक ग्रॅव्हगार्ड यांनी २००६च्या सुमारास इलॅस्टिक टॅबस्टॉपची कल्पना मांडली: टॅब म्हणजे 'रकाना संपला' एवढीच खूण, आणि वरखालच्या ओळी बघून रकान्याची रुंदी एडिटरने ठरवायची. हे तुमच्या एडिटरमध्ये असेल तर कुठल्याही फॉन्टमध्ये तक्ता सरळ राहील.

टर्मिनलवाला

नवीन फाइलींसाठी राहील. जगातल्या जुन्या फाइलींचं काय?

पांढरी पाटी

रुंदीबद्दल मला फार बोलायचं नाही. माझा आक्षेप 'सोबत फॉन्ट आणायचा' या कल्पनेलाच आहे, आणि तो जरा कळकळीने मांडतोय.

माझी दृष्टी अधू आहे. कुठल्या फॉन्टमध्ये, कुठल्या जाडीत आणि किती आकाराला अक्षरं मला फुटत नाहीत हे शोधायला मला बरेच महिने लागले. ते एकदा सिस्टिममध्ये लावून ठेवलंय. जो प्रोग्रॅम सिस्टिमचा फॉन्ट घेतो तो उघडल्याक्षणी मला वाचता येतो. जो आपला फॉन्ट घेऊन येतो तो उघडला की समोर बारीक राखाडी रेघा. मग नाक स्क्रीनला लावून सेटिंगचं पान शोधायचं, ते पानही त्याच न वाचता येणाऱ्या अक्षरांत. तळटीप म्हणतात डिफॉल्ट सेटिंग न उघडणाऱ्यासाठी असतो. अहो, मी सेटिंग उघडलं होतं. सिस्टिमचं. एकदाच. तुम्ही ते झुगारून देताय.

तुम्हाला तिन्हीकडे सारखं दिसायला हवंय, पण ते कोणासाठी? एक माणूस तिन्ही सिस्टिमवर एकाच वेळी काम करत असेल असं क्वचितच होतं. सारखेपणाची गरज तुम्हाला आहे, तक्रारी सोडवायला सोपं जावं म्हणून. वापरणाऱ्याला हवा असतो तो त्याच्या डोळ्यांना सवयीचा झालेला फॉन्ट. शिवाय कन्सोलास विंडोजच्या क्लिअरटाइप या अक्षरं गुळगुळीत दाखवणाऱ्या तंत्रासाठी घडवलाय, मेन्लो मॅकवर रोज लाखो डोळ्यांखालून जातो. तुमचा आणलेला फॉन्ट जुन्या कमी रेझोल्यूशनच्या स्क्रीनवर कसा दिसतो हे तुम्ही चौघांनी किती स्क्रीनवर तपासलंय?

तळटीप

दोनच स्क्रीनवर, आणि दोन्ही नव्या. हे तपासायला हवं.

तुमचा मुद्दा मला लागला. आकार सिस्टिमकडून घ्यायचा आणि फॉन्ट आमचा, असं केलं तर? म्हणजे तुम्ही अक्षरं मोठी करून ठेवली असतील तर ती मोठीच येतील.

पांढरी पाटी

अर्धं काम होईल. आकाराइतकीच जाडी महत्त्वाची असते.

डावा कंस

लिगेचर बंद का? फिरा कोड या फॉन्टमुळे मी कोड वाचायला शिकलो असं म्हणालो तरी चालेल. निकिता प्रोकोपॉव्ह यांनी फिरा मोनोवर ते लिगेचर चढवले आणि '!=' चं एकच सुबक चिन्ह झालं, '=>' चा खरा बाण झाला. डोळा दोन चिन्हं जोडण्यात शक्ती घालवत नाही. आज जेटब्रेन्स मोनोमध्येही ते आहेत, कॅस्केडिया कोडमध्येही. सुंदर गोष्ट हाताशी असताना ती लपवून का ठेवायची?

टर्मिनलवाला

कारण '≠' हे युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह आहे. स्क्रीनवर ते दिसलं तर फाइलमध्ये ते एक चिन्ह आहे की '!' आणि '=' अशी दोन, हे नुसतं बघून सांगता येत नाही. शिकणारा माणूस पुस्तकात बघतो दोन चिन्हं, आपल्या स्क्रीनवर बघतो एक, आणि कळफलकावर ती कळ शोधतो. मी एका विद्यार्थिनीला हे करताना पाहिलंय. दहा मिनिटं शोधत होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज टर्मिनलचा डिफॉल्ट कॅस्केडिया मोनो ठेवलाय, म्हणजे लिगेचर नसलेलं भावंड. व्हीएस कोडमध्येही लिगेचर आपणहून चालू नसतात. ज्याला हवेत त्याने एक खूण करावी.

डावा कंस

विद्यार्थिनीचं उदाहरण बरोबर आहे, शिकणाऱ्याच्या बाबतीत ऐकतो. पण मग निदान ते चालू करायची खूण पहिल्याच पानावर ठेवा, तीन मेनू खाली पुरू नका.

कानामात्रा

एवढं सगळं वाचलं आणि आश्चर्य वाटलं. आपण मराठीत बोलतोय, एडिटर 'रोजच्या नोंदी' लिहिण्यासाठीही आहे, आणि सुचवलेल्या तिन्ही फॉन्टमध्ये देवनागरीचं एकही अक्षर नाही. जेटब्रेन्स मोनो, सोर्स कोड प्रो, प्लेक्स मोनो: लॅटिन आहे, सिरिलिक आहे, देवनागरी शून्य. म्हणजे मी मराठी ओळ लिहिली की एडिटर मुकाट्याने फॉलबॅककडे, म्हणजे सिस्टिममधल्या पर्यायी फॉन्टकडे, वळणार: विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर नोटो किंवा लोहित. तळटीप, तुमचं 'तिन्हीकडे तोच फॉन्ट' माझ्यासाठी पहिल्या ओळीतच संपलं.

मी अनुवादाच्या फाइली एडिटरमध्ये संपादित करते. एका बाजूला इंग्रजी वाक्य, खाली मराठी. माझ्याकडचा एक एडिटर ओळीची उंची मुख्य फॉन्टवरून मोजतो. लॅटिन अक्षरांना वर-खाली जेवढी जागा लागते तेवढीच तो सोडतो, आणि देवनागरीचा जो भाग त्याबाहेर जाईल तो कापतो. काय कापलं जातं बघा. वरून अनुस्वार जातो. 'घरं' लिहिलं तर 'घर' दिसतं, 'पुस्तकं' लिहिलं तर 'पुस्तक'. मराठीत अनेकवचन त्या एका टिंबावर उभं आहे. खालून उकार कापला जातो, ऱ्हस्व की दीर्घ तेच कळत नाही. 'सुत' आणि 'सूत' सारखेच दिसतात. मी एकदा पूर्ण फाइल 'दुरुस्त' केली, जिथे जिथे अनुस्वार दिसला नाही तिथे घातला. दुसऱ्या मशीनवर उघडली तर दर शब्दावर दोन-दोन टिंबं. दोनशे चाळीस ओळी पुन्हा हाताने साफ केल्या.

आता मोनोस्पेसचं. 'क्षत्रिय' हा शब्द घ्या. डोळ्याला तीन अक्षरं: क्ष, त्रि, य. फाइलमध्ये आठ कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं): क, हलंत, ष, त, हलंत, र, पहिली वेलांटी, य. याला समान रुंदीची किती घरं द्यायची? आठ दिली तर अक्षरांमध्ये भोकं पडतात. तीन दिली तर 'त्रि' गुदमरते आणि 'य' मोकळा फिरतो. आणि पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, पण दिसायला हवी व्यंजनाच्या आधी. जो एडिटर एकेक कोडपॉइंट एकेका घरात टाकत जातो तो ती चुकीच्या बाजूला लटकवतो. आपली लिपी रुंदीच्या बाबतीत जात्याच प्रपोर्शनल आहे. समास यांना या एका बाबतीत माझा पूर्ण पाठिंबा.

आणखी एक, मराठीपुरतं. 'दऱ्याखोऱ्यांतून'. यातला र रफार होऊन डोक्यावर जात नाही, आडव्या झिपरीसारखा य ला चिकटतो. त्यासाठी नुक्त्याचा ऱ, त्यापुढे हलंत, त्यापुढे य असा क्रम लागतो, आणि तो क्रम ओळखून आकार जोडणारं शेपिंग लागतं. शेपिंग नसलं की तुटलेला, खाली टिंब असलेला ऱ् दिसतो. लोक मग वैतागून 'दर्या' लिहितात. तो समुद्र झाला.

डावा कंस

हे वाचून माझ्या लिगेचरच्या प्रश्नाला वेगळं वळण लागलं. लिगेचर बंद केले तर जोडाक्षरंही बंद होणार नाहीत का?

कानामात्रा

नेमकं तेच होतं, आणि म्हणूनच मी पुढे आले. कोडची लिगेचर बहुतेक फॉन्टमध्ये 'कॅल्ट' किंवा 'लिगा' या फीचरमध्ये असतात. तेवढी दोन बंद करायची. देवनागरीचे रफार, अर्धी रूपं, क्ष-ज्ञ यांची फीचर वेगळी आहेत, त्यांना हात लावायचा नाही. पण काही एडिटर 'लिगेचर बंद' म्हणजे शेपिंगच बंद करून एकेक अक्षर वेगळं रंगवतात, कारण ते वेगवान पडतं. तिथे 'विद्यार्थी' शब्दाचे तुकडे होतात. तळटीप, तुम्ही लिगेचर बंद ठेवणार म्हणालात. कसे बंद करणार ते सांगा.

तळटीप

आत्ताच कोड उघडून बघितला. ज्याची भीती वाटत होती तेच आहे: लिगेचर बंद असताना आम्ही लॅटिनसाठी जलद वाट घेतो आणि तीच वाट सगळ्या मजकुराला लागू आहे. आमच्यातल्या कोणीच मराठी ओळ टाइप करून पाहिली नव्हती. मीही नाही, आणि याची मला लाज वाटते. जलद वाट फक्त लॅटिनच्या सलग तुकड्यांपुरती ठेवून बाकी सगळं हार्फबझ या शेपिंग करणाऱ्या लायब्ररीकडे सोपवायचं, असं आज ठरवतोय.

पण मग प्रश्न असा: देवनागरी फॉन्टही सोबत द्यावा का? 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत.

पांढरी पाटी

आणि मग बांगला? तमिळ? अरबी? चिनी? एका फॉन्टफाइलमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ आकार मावतात, आणि नोटोचा चिनी-जपानी-कोरियन फॉन्ट ती मर्यादा गाठतो. एकाच वजनाची फाइल कित्येक एमबीची. तुमचा अख्खा एडिटर त्याहून लहान असेल. जगातल्या सगळ्या लिप्या सोबत बांधून नेता येत नाहीत, म्हणून तर त्या सिस्टिममध्ये असतात. एकदा सिस्टिमवर विश्वास टाकायचाच आहे तर लॅटिनसाठीच वेगळा न्याय का?

टर्मिनलवाला

कारण कोडमधली चिन्हं लॅटिन आहेत आणि तिथे एका काडीची चूक महाग पडते. मराठी वाक्यात एखादं अक्षर संदिग्ध दिसलं तर अर्थावरून कळतं. चावीत अर्थ नसतो.

कानामात्रा

कापलेला अनुस्वार अर्थावरून कळतो असं म्हणणाऱ्याने एकदा माझ्या त्या दोनशे चाळीस ओळी साफ कराव्यात. पण पांढरी पाटी यांच्याशी मी सहमत आहे. मला देवनागरी फॉन्ट सोबत नको. आता तिन्ही सिस्टिमवर बऱ्यापैकी देवनागरी असतो. मला हवंय ते फॉलबॅकची वागणूक नीट असणं: ओळीची उंची त्या ओळीत प्रत्यक्ष वापरलेल्या सगळ्या फॉन्टमधल्या सर्वात उंचाप्रमाणे मोजा, कर्सर अख्ख्या अक्षरावरून उडी मारू दे, आणि मजकूर मराठी आहे ही खूण फॉन्टपर्यंत पोचवा. काही फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपं असतात. खूण मिळाली तर मराठी रूप आपोआप येतं. सेटिंगमध्ये दोन रकाने द्या, 'मुख्य फॉन्ट' आणि 'देवनागरीसाठी फॉन्ट'. नुसती स्वल्पविरामाने तोडलेली यादी लिहायला लावू नका.

समास

उंची ओळीप्रमाणे बदलली तर मराठी ओळ उंच आणि खालची इंग्रजी बुटकी, असं पान हलतं दिसेल. छपाईत असं कोणी करत नाही. फाइलमध्ये देवनागरी आढळली की सगळ्याच ओळींना तेवढी उंची द्या.

कानामात्रा

हो, हे जास्त बरं.

तळटीप

दोन दिवस आम्ही चौघं यावर बोललो. आत्ता जिथे आलोय ते सांगतो, कोणाला खटकलं तर बोला.

मोनोस्पेसवर मी ठाम आहे, बाणाच्या उदाहरणानंतर जास्तच. समास, इलॅस्टिक टॅबस्टॉप पुढच्या आवृत्तीच्या यादीत घेतलेत, आणि प्रपोर्शनल फॉन्ट निवडला तर एडिटर कुरकुर करणार नाही एवढी खात्री देतो.

सोबतच्या फॉन्टबद्दल माझं मत बदललंय, पण पूर्ण नाही. विंडोज आणि मॅकवर 'सगळ्या प्रोग्रॅमसाठी हा मोनोस्पेस' असं ठरवायची सोयच नाही. तिथे सिस्टिमचा फॉन्ट घेतला तरी तो कोणा माणसाने निवडलेला नसतो, म्हणून तिथे आमचा देणार. लिनक्सवरच्या ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपमध्ये अशी सोय आहे, आणि वापरणाऱ्याने मूळ फॉन्ट बदललाय का हेही ग्नोममध्ये कळतं. त्याने बदलला असेल तर निमूटपणे त्याचाच घ्यायचा, जाडीसकट. पांढरी पाटी, तुम्ही कोणत्या सिस्टिमवर आहात ते मी विचारलंच नाही.

पांढरी पाटी

ग्नोम. चालेल मला. पण विंडोजवर माझ्यासारखी माणसं नाहीत असं धरू नका. तिथे पहिल्यांदा एडिटर उघडला की फॉन्ट आणि आकार विचारणारी एक मोठ्या अक्षरांतली खिडकी दाखवा. एकदाच.

टर्मिनलवाला

अशी खिडकी म्हणजे दर नव्या मशीनवर एक अडथळा. मी रोज चार सर्व्हरवर एडिटर उघडतो.

पांढरी पाटी

तुम्हाला एक कळ दाबून ती बंद करता येते. मला तिच्याशिवाय वाचता येत नाही.

टर्मिनलवाला

बरोबर. माझा आक्षेप मागे घेतो.

तळटीप

खिडकी करतोय. त्यात नमुन्यासाठी एक ओळ दाखवायची आहे, म्हणजे फॉन्ट निवडतानाच दोष दिसेल. सध्या असं ठरवलंय: छोटा एल, मोठा आय, आकडा एक, उभा दांडा, मोठा ओ, शून्य, मग 'आर' आणि 'एन' जोडून आणि शेजारी 'एम', सगळे कंस, आणि पुढच्या ओळीत 'घर घरं सुत सूत दऱ्या क्षत्रिय विद्यार्थी'.

कानामात्रा

'हृदय' घाला. ऋकार सगळ्यात खाली जातो. आणि 'कीर्तीं'सारखं काहीतरी, जिथे रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक येतात. ते दोन शब्द पूर्ण दिसले तर बाकी सगळं दिसेल.

तळटीप

घातले. तिन्ही मशीनवर चालवून पाहिलं. 'घरं'वरचा अनुस्वार सगळीकडे दिसतोय, 'दऱ्या' जुळतोय. लिनक्सवर लोहितमध्ये 'हृदय'चा ऋकार अजून खालून एका पिक्सेलने कापला जातोय. उंची पुन्हा मोजतो आणि उद्या नवीन बिल्ड देतो.